सवलत रुग्णाला आहे, जमातीला नाही

कंपवात किंवा पार्किन्सन्स म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. हात थरथरल्याने चहा सांडतो, सही बिघडते, सदऱ्याची बटणे लागत नाहीत. त्रास मोठा आहे, पण तेवढ्याने माणूस अंथरुणाला खिळत नाही. या आजारात माणसाला घरात कोंडतात ते त्याचे पाय. चाल बिघडते, तोल जातो, एक दिवस मोरीत किंवा पायरीवर पडणे होते, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत बाजारात दिसणारा माणूस मोहल्ल्यातून नाहीसा होतो.

याविषयी आपल्या मोहल्ल्यांत दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, "बुढापा है." दुसरे, "चाचा, अब घरपेच नमाज पढ लिया करो." पहिले वाक्य अज्ञानातून येते. दुसरे मायेने म्हटले जाते, म्हणून त्याला कुणी विरोध करत नाही. माझा आक्षेप या दुसऱ्या वाक्याला आहे.

आधी आजार समजून घेऊ. निरोगी माणूस चालताना चालण्याचा विचार करत नाही. पाऊल किती उचलायचे, हात कसा हलवायचा, वळताना अंगाचा भार कुठल्या पायावर घ्यायचा, हे सगळे मेंदू आपोआप करतो. त्यासाठी लागणारे डोपामाइन नावाचे रसायन मेंदूच्या एका छोट्या भागातल्या पेशी तयार करतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. इंग्लंडच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली या आजाराचे वर्णन केले, तेव्हाही पुढे झुकून, लहान पावलांनी, पळत सुटल्यासारखी होणारी चाल त्याच्या नजरेतून सुटली नव्हती. आयुर्वेदात कंपवाताचा उल्लेख त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

रोगाच्या सुरुवातीला चालताना एक हात हलेनासा होतो. मग पावले आखूड होतात, पाय घासत जातात. पुढे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. माणसाला पुढे जायचे असते, पण पाऊल उचलत नाही. हे कुठे होते, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे: दारात, अरुंद जागेत, वळताना, गर्दीत आणि कुणी घाई केली की. त्याशिवाय तोल सावरण्याची उपजत हालचाल मंदावते. डॉक्टर तपासताना रुग्णाच्या मागे उभे राहून त्याचे खांदे मागे ओढतात. निरोगी माणूस एक-दोन पावले मागे टाकून सावरतो. रुग्ण सावरत नाही, डॉक्टरने धरले नाही तर तो खांबासारखा मागे पडतो. काहींचा रक्तदाब उठून उभे राहताना एकदम उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. लेव्होडोपा हे या आजारावरचे मुख्य औषध. त्याने ताठरपणा आणि मंदपणा कमी होतो, पण बिघडलेला तोल त्याने तितकासा सुधारत नाही. म्हणून "गोळी चालू आहे ना, मग का पडतात?" हा प्रश्न रुग्णाला विचारण्यात अर्थ नसतो.

वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा ताळा घेतला तर पार्किन्सन्सच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे सहा जण वर्षभरात एकदा तरी पडतात. बरेच जण पुन्हा पुन्हा पडतात. याच जातीचे आणखी आजार आहेत. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सीत माणूस आजाराच्या सुरुवातीपासूनच मागच्या मागे पडू लागतो आणि त्याची नजर खाली वळत नाही, त्यामुळे जिना उतरणे धोक्याचे होते. अटॅक्सियात पाय फाकवून, झोकांड्या खात चालावे लागते. आपल्या समाजात अशा चालीचा अर्थ लोक एकच लावतात: पिऊन आला. उभ्या आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाच्या वाट्याला म्हातारपणी हा संशय यावा, यासारखी बेअब्रू नाही. त्या भीतीनेही कितीतरी जण बाहेर पडणे सोडतात.

आता आपले नाशिक डोळ्यांसमोर आणा. जुने नाशिक चढउतारांचे आहे. नऊ टेकड्यांच्या शिखरांवरून शहराचे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, दूध बाजार, चौक मंडई, बागवानपुरा, कथडा या भागांत राहणाऱ्याच्या गुडघ्यांना चढ माहीत असतो. गल्ली अरुंद, त्यात दोन्ही बाजूंना उभ्या मोटारसायकली, मध्येच गटाराचे झाकण, घराला उंच उंबरा, आत अंधारा जिना. जुन्या वाड्यांत अशा जिन्यावर वरून दोर सोडलेला असे. चढताना हाताला धरायला काहीतरी लागते, एवढे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होते. आपण वाडे पाडून फ्लॅट बांधले, चकचकीत फरशी बसवली, दोर गेला आणि त्याच्या जागी कठडा आलाच असे नाही.

आमच्या नात्यातले एक चाचा सत्तरीचे आहेत. आयुष्यभर फळांचा धंदा केला, पहाटे उठून मार्केट यार्डात माल घ्यायला जायचे. आठ वर्षांपूर्वी कंपवाताचे निदान झाले. दुकान मुलांनी सांभाळल्यावर त्यांच्याकडे बाहेर पडायला एकच कारण उरले, ते म्हणजे मस्जिद. घरापासून चार मिनिटांचे अंतर, त्यांना बारा लागतात. पाच वेळा जाणे-येणे म्हणजे दिवसाला दोन तासांचे चालणे, पाच वेळा माणसे भेटणे, पाच वेळा कपडे नीट करून बाहेर पडणे. कुठल्याही फिजिओथेरपिस्टने याहून चांगला नेम लिहून दिला नसता. एका जुम्याला गर्दीत दारातच त्यांचे पाय थबकले. मागून कुणीतरी म्हणाले, "चाचा, आगे बढो ना." आणि हलकेच पाठीवर हात ठेवला. चाचा गुडघ्यांवर आपटले. हाड मोडले नाही, पण त्या दिवसानंतर घरचे, शेजारचे, जमातीतले सगळे एका सुरात म्हणू लागले, आता घरीच पढा.

घरीच पढल्याने काय होते? चालणे थांबते. चालणे थांबले की मांड्यांचे स्नायू सुकतात, सांधे आखडतात, पडण्याची भीती वाढते. भीती वाढली की माणूस आणखी कमी हलतो. मग एक दिवस तो घरातच, पलंग आणि संडास यांच्यामध्ये पडतो. म्हणजे पडू नये म्हणून ज्याला घरी बसवले, त्याचे पडणे आपण पक्के करून ठेवतो. शिवाय जमात सुटते, सलाम-दुआ सुटते आणि या आजारात आधीच दबा धरून बसलेली उदासी वर येते.

यावर धर्माचा दाखला दिला जातो. आजाऱ्याला सवलत आहे, मग हट्ट कशाला? सवलत आहेच, आणि ती मोठी आहे. उभे राहता येत नसेल तर बसून नमाज पढावी, बसताही येत नसेल तर पडून पढावी, ही तालीम हदीसमध्ये स्पष्ट आहे. सजदा जमत नसेल तर इशाऱ्याने करता येतो. आजाऱ्यावर जमातीला हजर राहण्याची सक्ती नाही. पण ही सवलत कुणासाठी आहे? रुग्णावरचे ओझे हलके व्हावे म्हणून ती रुग्णाला दिली आहे. जमातीने आपली पायरी दुरुस्त करू नये, कठडा लावू नये, वाट मोकळी ठेवू नये, अशी सवलत कुणाला कुठे दिलेली मला आढळलेली नाही. रुग्ण स्वतः म्हणाला, मी आज घरी पढतो, तर ती त्याची रुख्सत. आपण त्याला म्हटले, तुम्ही येऊच नका, तर ती त्याची सवलत राहत नाही, आपली सोय होते.

तकदीरचेही तसेच. "अल्लाह की मर्जी" म्हणून पडणे सोडून देणाऱ्यांनी उंटाची हदीस आठवावी. आधी उंट बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा, हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून खुतब्यात ऐकले आहे. ओल्या फरशीवर रबरी चटई टाकणे म्हणजे उंट बांधणेच आहे.

हज किंवा उमरा करून आलेल्यांना विचारा. सफा आणि मरवा यांच्यामधल्या मार्गात मधोमध व्हीलचेअरसाठी वेगळी वाट राखलेली आहे. तवाफही हजारो लोक व्हीलचेअरवर बसून करतात. जी सोय मक्केत आहे ती आपल्या मोहल्ल्याच्या मस्जिदीत केली तर कुठला अदब मोडतो?

आणि खर्च किती? आपण मस्जिदीला संगमरवर देतो, झुंबर देतो, एसी देतो, मृत वालिदांच्या नावाने पंखे देतो. चांगलेच आहे. पण संगमरवर ओला झाला की तरण्यालाही पाडतो. त्याच सवाबाच्या हेतूने पुढच्या गोष्टी देता येतील. दारापाशी, जिथे चपला काढतात तिथे, एक हात असलेली खुर्ची किंवा बाकडे. कारण एका पायावर उभे राहून, गर्दीत, चप्पल काढणे हे तोल गेलेल्या माणसासाठी सर्वांत अवघड काम आहे. वुजूच्या जागी बहुतेक ठिकाणी बसायचे ओटे गुडघ्याच्याही खाली असतात. तिथून उठताना हात टेकायला काही नसते. एक ओटा खुर्चीच्या उंचीचा करावा, त्याच्या शेजारी भिंतीत स्टीलची दांडी पक्की बसवावी, खाली रबरी चटई टाकावी. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना कठडा लावावा आणि प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसेल अशा रंगाची पट्टी ओढावी. सफेच्या टोकाला, भिंतीला लागून, हात असलेल्या दोन-चार न हलणाऱ्या खुर्च्या ठेवाव्यात. प्लास्टिकच्या हलक्या खुर्च्या नकोत, त्या रुग्णाबरोबरच उलटतात.

एक गोष्ट फुकट आहे. पाय थबकलेल्या रुग्णाला मेंदूचा आपोआप चालणारा रस्ता बंद झालेला असतो, पण दुसरा रस्ता उघडा असतो. डोळ्यांसमोर रेघ असेल, कानाला ठेका असेल तर तो पाऊल उचलू शकतो. पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने हे आपल्या काकांच्या बाबतीत पाहिले. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज चढत-उतरत होते. तिने जमिनीवर जिन्याचे चित्र अंथरले आणि काका त्यावरून चालत गेले. २०१५ च्या तिच्या टेड भाषणामुळे ही गोष्ट जगभर गेली. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० साली असाच एक रुग्ण नोंदवला: ५८ वर्षांचा माणूस, चार पावले धड टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवले तर सफाईने चालवत होता.

आमच्या चाचांच्या मुलाने फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घराच्या फरशीवर पलंगापासून मोरीपर्यंत पाऊलभर अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. चाचा पट्टी बघतात, मनात एक-दो म्हणतात आणि ओलांडतात. मस्जिदीच्या गालिच्यावर सफांच्या रेघा असतातच, पण त्यांच्यातले अंतर पावलापेक्षा बरेच मोठे असते. दारापासून खुर्चीपर्यंतच्या वाटेवर मध्ये आणखी पट्ट्या लावल्या तर काय बिघडेल?

आपण स्वतः काय करायचे, तेही सांगतो. थबकलेल्या माणसाला ओढू नका, ढकलू नका, "चलो चलो" म्हणू नका. थांबा. त्याला सरळ उभे राहू द्या, भार एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या, मग एक मोठे पाऊल टाकायला सांगा. जमले नाही तर त्याच्या पावलासमोर आपला पाय आडवा ठेवा आणि तो ओलांडायला सांगा. वळायचे असेल तर जागच्या जागी गिरकी न घेता मोठा वळसा घेऊ द्या. चालताना त्याला बोलण्यात गुंतवू नका आणि त्याच्या हातात पिशवी देऊ नका. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत. मस्जिदीत काढायला सोपी म्हणून घातलेली सपाता घात करते. सलाम फिरल्यावर गर्दी निघून जाईपर्यंत त्याच्याजवळ दोन मिनिटे बसा. आपण रुग्णाला सब्र करायला सांगतो. इथे सब्र शेजारच्याने करायचा आहे.

औषधाचा संबंध वेळेशी आहे. गोळीचा असर असतो तेव्हा चाल बरी असते, असर उतरला की पाय जड होतात. मस्जिदीला जाण्याची वेळ आणि गोळीची वेळ यांचा मेळ घालायला डॉक्टरांना विचारावे. रमजानमध्ये तर हे फार जपले पाहिजे. तेरा-चौदा तासांच्या रोजासाठी दिवसाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. लेव्होडोपा एकाएकी थांबवल्याने जिवावर बेतू शकते. आजाऱ्याला रोजाची सवलत आहे, फिदिया आहे. यासाठी डॉक्टर आणि आलिम, दोघांशी बोलावे आणि त्यांचे ऐकावे.

आतापर्यंत मी पुरुषांविषयी बोललो, कारण मस्जिदीत आपल्याकडे तेच दिसतात. बायकांचा कंपवात त्याहून जास्त झाकलेला राहतो. आमच्या अम्मी-खालांना बाहेर पडायला मस्जिदीचेही निमित्त नसते. त्यांचे पडणे स्वयंपाकघरात, मोरीत, गच्चीवर कपडे वाळत घालताना होते. एका हातात चहाचे भांडे, दुसऱ्याने पदर सावरायचा आणि तेवढ्यात नातू हाक मारतो. एका वेळी दोन कामे हीच या आजारात तोल जाण्याची वेळ. बुरख्याचा घेर घोट्याच्या वर दोन बोटे घेतला तर पर्दा कमी होत नाही आणि पायात अडकणे वाचते. व्यायाम शिकवायला पुरुष फिजिओथेरपिस्ट नको असेल तर स्त्री फिजिओथेरपिस्ट शोधावी, नाशिकमध्ये त्या पुष्कळ आहेत. पण "आता या वयात काय व्यायाम" म्हणून तो विषय बंद करू नये.

व्यायामाने फरक पडतो, याला पुरावा आहे. अमेरिकेत १९५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, सहा महिने, ताई ची हा संथ चिनी व्यायाम करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांचे पडणे कमी झाले. पुण्यात हृषीकेश पवार यांनी रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले, तिथला पार्किन्सन्स मित्रमंडळ हा गट रुग्णांना एकत्र आणतो. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी हेच काम करते. ज्या शहरात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, जिथे फिजिओथेरपीचे विद्यार्थी शिकतात, तिथे आपल्या एखाद्या शादीखान्यात आठवड्यातून एक तास असा वर्ग का भरू नये? हॉल दुपारी रिकामाच असतो. त्यात शेजारच्या गल्लीतले जोशीकाका आणि गांगुर्डेमावशी आल्या तर आणखी चांगले. हा आजार धर्म विचारून येत नाही.

मुंबईच्या पारशी समाजाकडूनही शिकण्यासारखे आहे. त्यांच्या वसाहतींत घरोघर जाऊन पाहणी झाली. डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली ती प्रसिद्ध केली. लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण असे प्रमाण निघाले. छोटा समाज, पण त्याने आपले रुग्ण मोजू दिले. आपल्या जमाती चंदा घरोघर जाऊन मोजतात. त्याच फेरीत "घरात कुणी पडते का?" हा एक प्रश्न विचारता येईल.

कायद्याचे बळही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांना दिव्यांगत्व मानले आहे त्यांत पार्किन्सन्स आहे. तपासणी करून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळते, ते काढून घ्यावे. त्याच कायद्याने सार्वजनिक इमारतींची जी व्याख्या केली आहे तिच्यात धार्मिक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीही येतात. म्हणजे मस्जिद, मंदिर, दर्गा सगळेच. नाशिकला २०२७ चा सिंहस्थ आहे. गोदेच्या ओल्या घाटावर उतरणाऱ्या म्हाताऱ्या यात्रेकरूला जो कठडा हवा, तोच वुजूखान्यातल्या म्हाताऱ्या नमाजीला हवा. शहराने दोघांसाठी मागितला पाहिजे, एकमेकांसाठीही मागितला पाहिजे.

मुहम्मद अली यांना वयाच्या ४२ व्या वर्षी, १९८४ मध्ये, पार्किन्सन्सचे निदान झाले. ज्यांच्या पायांची चपळाई जगाने रिंगणात पाहिली, त्यांचेच पाय मंदावले. बारा वर्षांनी, १९९६ मध्ये, अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत पेटवायला त्यांना बोलावले गेले. हात थरथरत होता, सगळे स्टेडियम थांबून राहिले. कुणी म्हणाले नाही की आता यांनी घरी बसावे. त्यानंतर ते आणखी वीस वर्षे जगले.

आमचे चाचा सध्या फक्त असरला मस्जिदीत जातात, मुलगा सोबत असतो. वुजू घरून करून निघतात. दारात अजून बाकडे नाही. येत्या जुम्यानंतर आपापल्या मस्जिदीच्या ट्रस्टींना गाठा आणि एक दांडी, एक ओटा, एक बाकडे एवढेच मागा. पैसे कमी पडले तर ते देणारे त्याच सफेत उभे असतात.